जावा, पायथन आणि डेंग्यू

'जावा' हा शब्द सांगली-साताऱ्याकडच्या घरात उच्चारला, तर आजीला थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ आठवतात, आजोबांना तरुणपणातली मोटारसायकल आठवते आणि इंजिनिअरिंगला असलेल्या नातवाला कॉम्प्युटरची भाषा. 'पायथन'चेही तसेच. बत्तीस शिराळ्याच्या पंचक्रोशीत पायथन म्हणजे अजगर, दुसरे काही नाही. गंमत अशी की, गुइडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये ही भाषा लोकांसमोर आणली तेव्हा त्यांच्या डोक्यात साप नव्हताच. 'मॉन्टी पायथन' या विनोदी टीव्ही कार्यक्रमावरून त्यांनी ते नाव घेतले होते.

शब्दांची ही गंमत प्रवेशाच्या दिवसांत गंभीर होते. सांगलीचे वालचंद, कराडचे शासकीय अभियांत्रिकी किंवा आणखी कुठले कॉलेज, प्रवेश एकदाचा पार पडतो आणि घरात पुढचा प्रश्न उभा राहतो: क्लास कशाचा लावायचा? मुलगा फोन पुढे करतो. पडद्यावर गुगल ट्रेंड्सचा आलेख असतो. एक रेघ वर चढत गेलेली, दुसरी खाली उतरत आलेली. "पप्पा, जावा संपली आता. सगळं पायथनच." पप्पांना त्यातले काही कळत नाही, पण आलेख कळतो. वर जाणारी रेघ चांगली, एवढे शेअर बाजाराने आणि सोन्याच्या भावाने सगळ्यांना शिकवले आहे. उसाच्या बिलातून नाहीतर सोसायटीच्या कर्जातून पैसे निघतात आणि मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहायला जातो.

सहा महिन्यांनी नवा आलेख येतो. त्यात तिसरेच नाव वर असते. पहिला क्लास अर्धवट राहतो, दुसऱ्याची फी भरली जाते, जागरणे वाढतात. छातीत धडधडते, डोके दुखते, झोप लागत नाही म्हणून अशी मुले ईसीजी काढायला येतात. ईसीजी बहुतेक वेळा नॉर्मल असतो.

हाच आलेख पावसाळ्यात दुसऱ्या रूपाने ओपीडीत येतो. तापाचा रुग्ण केसपेपर टेबलावर ठेवण्याआधीच सांगतो, "डॉक्टर, सगळीकडं डेंग्यूच चाललाय म्हणं. नेटवर दाखवतंय." नेटवर काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे समजून घेणे भाषा निवडणाऱ्या मुलाला जेवढे गरजेचे आहे तेवढेच तापाच्या रुग्णालाही आहे. चूक दोघांचीही एकच होते.

सांगलीकरांना हे समजावायला आयर्विन पूल पुरेसा आहे. कोयनेतून विसर्ग वाढला की साऱ्या शहराचे लक्ष त्या पुलाशी कृष्णेची पातळी किती फुटांवर गेली याकडे लागते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. हे मोजमाप झाले. आता समजा, पुलावर पट्टीच नाही आणि पातळी ठरवायची ती 'पाणी किती आलंय?' असे किती जणांनी विचारले यावरून. विचारणारे वाढले तर पाणी वाढले असावे, हा अंदाज पहिले दोन दिवस बरोबर येईल. मग टीव्हीवर बातमी येईल आणि पुण्या-मुंबईचे, परदेशातले नातेवाईकही विचारू लागतील. पाणी फूटभर चढलेले असेल आणि विचारणारे दसपट झालेले असतील. आणि ज्या गल्लीत पाणी पहिल्या मजल्याला लागले, तिथली वीज गेली, फोन बंद पडले, तिथून एकही प्रश्न येणार नाही. जिथे पाणी सर्वांत खोल, तिथे विचारणारे शून्य.

गुगल ट्रेंड्स ही विचारणाऱ्यांची मोजणी आहे, पाण्याची नाही.

त्यातही ही मोजणी सरळ आकड्यांची नाही. गुगल किती लोकांनी शोधले हा आकडा तिथे देतच नाही. एखाद्या भागात, एखाद्या काळात झालेल्या एकूण शोधांपैकी त्या शब्दाचा वाटा किती, हे आधी काढले जाते. मग ज्या वेळी तो वाटा सर्वांत जास्त होता त्याला १०० धरून बाकीचे आकडे त्या मानाने बसवले जातात. तेही सगळ्या शोधांवरून नव्हे, त्यांच्या नमुन्यावरून. शोध फारच थोडे असतील तर शून्य दिसते. त्यामुळे छोट्या गावाचे शून्य म्हणजे तिथे कोणी शोधलेच नाही असे नव्हे, आणि एखाद्या शहरापुढचा १०० म्हणजे तिथे सर्वांत जास्त लोकांनी शोधले असेही नव्हे. तिथल्या एकूण शोधांत त्या शब्दाचा वाटा सर्वांत मोठा, एवढेच. पायथनचा आलेख वेगळा काढला आणि जावाचा वेगळा काढला तर दोन्हींचे शिखर १०० वरच असणार. तुलना करायची तर दोन्ही नावे एकाच आलेखात घालावी लागतात. एका वेळी अनेक घालता येतात. फोनवर फिरणाऱ्या चित्रांत हे पाळलेले असतेच असे नाही.

सगळी गोम छेदात आहे. शाळेत अंश आणि छेद शिकवतात, आणि पुढे आयुष्यभर आपण अंशाकडेच बघतो. हा डेटा २००४ पासूनचा आहे. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट कोण वापरत होते? कॉम्प्युटरवाले, विद्यार्थी, सायबर कॅफेत बसणारे थोडे लोक. आता भाजीवाल्या मावशीही रेसिपी शोधतात. समजा, तेव्हा हजार शोधांत दहा जावाचे होते आणि आता लाखात दोनशे आहेत. शोध वीसपट झाले, पण वाटा एक टक्क्यावरून ०.२ टक्क्यावर आला. आलेखात रेघ घसरलेली दिसेल आणि मुलगा म्हणेल, जावा संपली. खरे तर त्या काळापासून बहुतेक जुन्या तांत्रिक शब्दांची रेघ अशीच उतरत आलेली दिसते. शब्द मागे पडले म्हणून नव्हे, भोवतीची गर्दी वाढली म्हणून. शिवाय गुगलने मोजण्याची पद्धत मधूनमधून सुधारली आहे. २०११, २०१६ आणि २०२२ च्या सुरुवातीला तशी टीप आलेखावरच दिसते. त्या जागी रेघ वाकली तर ती जगामुळे वाकली की पट्टी बदलल्यामुळे, हे आधी बघावे लागते.

डॉक्टरांना हा छेद रोज भेटतो. एका केंद्रात दहा जणांची डेंग्यूची तपासणी झाली आणि पाच पॉझिटिव्ह निघाले. दुसऱ्या केंद्रात पाचशेंची झाली आणि पन्नास निघाले. बातमी दुसऱ्याची होते. काळजी मात्र पहिल्याची जास्त करायला हवी, कारण तिथे किती जण तपासायचे राहिले कोण जाणे.

मग येतो शब्दांचा घोळ. 'स्विफ्ट' ही ॲपलची प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. भारतात 'स्विफ्ट' शोधणाऱ्यांत तिचे विद्यार्थी किती आणि मारुतीची गाडी घेऊ पाहणारे किती, हे सांगायला संगणकशास्त्राची गरज नाही. 'गो' नावाची भाषा आहे, 'रस्ट' म्हणजे गंज नावाची आहे, आणि 'सी' तर नुसते अक्षर. यावर गुगलने एक तोड काढली आहे: नुसता शब्द न घेता 'विषय' निवडायचा, म्हणजे जावा बेट, मोटारसायकल आणि भाषा वेगवेगळी मोजली जातात, आणि वेगवेगळ्या लिप्यांतले शोधही एकत्र येतात. हा उपाय बराच चांगला आहे, पण वापरणारा तो निवडतो का, हा प्रश्न आहे. दुसरी तोड 'पीवायपीएल' नावाच्या क्रमवारीने काढली. ती भाषेच्या नावापुढे 'ट्युटोरियल' जोडून कितीदा शोधले गेले ते गुगलच्या डेटावरून मोजते. अजगराचे ट्युटोरियल कोणी शोधत नाही. या मोजणीत २०१८ मध्ये पायथनने जावाला मागे टाकले. 'टायोबे' नावाची दुसरी क्रमवारी निरनिराळ्या सर्च इंजिनांवर त्या भाषेची किती पाने सापडतात ते बघते; तिथे पायथनला पहिला क्रमांक मिळायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. आणि 'स्टॅक ओव्हरफ्लो'ने २०२३ मध्ये प्रत्यक्ष प्रोग्रॅमरांना विचारले, तुम्ही काय वापरता, तेव्हा सलग अकराव्या वर्षी पहिली आली ती जावास्क्रिप्ट, जिचा जावाशी नावापुरताच संबंध आहे. तिन्ही उत्तरे खरी आहेत. एक शिकू पाहणाऱ्यांचे आहे, एक लिहिल्या गेलेल्या पानांचे आणि एक काम करणाऱ्यांचे.

आजारांच्या नावांचे काय होते? डेंग्यू, डेंगू, डेंगी, शिवाय इंग्रजीत लिहिलेले निराळे. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे माणूस त्याला माहीत असलेले नावच शोधू शकतो. पुराचे पाणी ओसरले की चिखलात वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. शेताच्या बांधावरचा बारीक किडा चावून स्क्रब टायफस होतो. त्यात कधी कधी काखेत, जांघेत सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग दिसतो. ही नावे किती घरांत माहीत आहेत? असे रुग्ण फार तर 'ताप' शोधतात आणि नेट त्यांना डेंग्यू दाखवते. ज्याची चर्चा जास्त, त्याच्याच वाट्याला आणखी शोध जातात.

या डेटावर साथ ओळखण्याचा मोठा प्रयोग गुगलनेच केला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये 'गुगल फ्लू ट्रेंड्स' सुरू झाले आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. पाच कोटी शोधशब्द चाळून, अमेरिकेतल्या फ्लूच्या सरकारी नोंदींशी जुळणारे ४५ निवडले होते. सरकारी आकडे यायला आठवडा-दोन आठवडे लागत, गुगल दुसऱ्या दिवशी सांगत असे. डॉक्टरमंडळी चकित झाली. चाळताना शाळांच्या बास्केटबॉलचे शोधही फ्लूशी छान जुळले होते, कारण दोन्हींचा हंगाम एकच. ते अर्थातच बाजूला ठेवले गेले. पण असे न दिसणारे बास्केटबॉल आत किती राहिले असतील? लगेच २००९ च्या वसंतात स्वाइन फ्लू आला. फ्लूच्या नेहमीच्या हंगामाबाहेर आल्यामुळे या यंत्रणेला तो नीट पकडता आला नाही. मग सूत्र सुधारले, तर २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिने प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट फ्लू दाखवला. 'सायन्स'मध्ये २०१४ साली आलेल्या विश्लेषणानुसार ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे तिचा अंदाज जास्तीचाच होता. बातम्या वाचून निरोगी माणसे फ्लू शोधत होती. २०११ मध्ये सुरू झालेल्या तिच्या धाकट्या भावंडात, 'डेंग्यू ट्रेंड्स'मध्ये, ब्राझील, इंडोनेशियाबरोबर भारतही होता. ऑगस्ट २०१५ मध्ये दोन्हींचे अंदाज प्रसिद्ध करणे थांबले.

म्हणून हे साधन टाकाऊ ठरत नाही. हरियाणा आणि चंदीगडच्या २०१६ च्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मलेरिया, डेंग्यू, चिकुनगुनिया यांचे शोध सरकारी नोंदींच्या दोन-तीन आठवडे आधी वाढलेले दिसले. शोध लवकर बोलतात, हे खरेच. ते कोणाबद्दल बोलतात, एवढेच तपासावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले. एकूण संख्या दोनशेच्या पुढे गेली. मज्जातंतूंवरच शरीराची प्रतिकारशक्ती उलटण्याचा हा आजार एरवी अगदी विरळा. बातमी मात्र साऱ्या राज्यात पोचली. पायाला मुंग्या येणे हे मधुमेहाचे, बी-१२ च्या कमतरतेचे रोजचे लक्षण. त्या दिवसांत ते जीबीएसचे वाटू लागले. तेव्हा साताऱ्यात 'जीबीएस' शोधणारा माणूस पुण्याच्या पाण्याबद्दल काही सांगत नव्हता, स्वतःच्या भीतीबद्दल सांगत होता.

याच्या उलट बाजूची गोष्ट सातारा जिल्ह्याच्या वेशीपलीकडची आहे. पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात जुलै २०२१ मध्ये तापाचे रुग्ण वाढले. सगळे लक्ष कोरोनावर होते. स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांनी रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवले. चिकुनगुनिया निघाला, म्हणून संस्थेचे पथक गावात आले आणि आणखी नमुने घेऊन गेले. त्यांत बहुतेक चिकुनगुनियाचे, काही डेंग्यूचे आणि एक झिकाचा निघाला. महाराष्ट्रात नोंदला गेलेला झिकाचा हा पहिला रुग्ण. त्या गावात कोणी 'झिका' हा शब्द शोधला असण्याचे काही कारण नव्हते. तो सुईच्या टोकाने सापडला.

कॉम्प्युटरच्या जगातही असे आहे. एखादी गोष्ट खूप शोधली जाते ती लोकप्रिय असते म्हणूनच, असे नाही. कधी ती आजारी पडलेली असते. 'लॉगफोरजे' हा जावाच्या प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवणारा एक लहानसा भाग. जगभर असंख्य ठिकाणी तो गुपचूप काम करत होता आणि बाहेर त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये त्यात गंभीर दोष सापडला आणि एकदम तो सगळ्यांच्या तोंडी झाला. रेघ आभाळाला भिडली ती दुखण्याने. 'कोबॉल' ही १९५९ च्या सुमाराची भाषा. ती आज कोण शोधणार? तरी बँकांचे आणि सरकारांचे बरेच जुने काम तिच्यावरच चालते. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारांच्या अर्जांचा लोंढा आल्यावर अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरना जाहीरपणे कोबॉल जाणणारे स्वयंसेवक हवेत, असे सांगावे लागले.

वैद्यकातला कोबॉल म्हणजे क्षयरोग. २०२३ या एका वर्षात देशात २५ लाखांहून अधिक टीबीचे रुग्ण नोंदले गेले. सहा महिने मुकाट्याने गोळ्या घेणारा रुग्ण दर आठवड्याला 'टीबी' असे शोधत बसत नाही. त्याची बातमी होत नाही. बातमी नाही म्हणून शोध नाहीत, शोध नाहीत म्हणून तो आलेखात वर येत नाही. पण खोकला तो दररोज खोकतो.

आता तर शोध घेण्याची सवयच बदलते आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि पुढच्या काळात स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घटली. प्रोग्रॅमरांच्या अडचणी संपल्या नाहीत, विचारण्याचे ठिकाण बदलले. तापाचे प्रश्नही तिकडे वळू लागले आहेत. उद्या 'डेंग्यू'ची रेघ खाली आली तर डास कमी झाले असे कोणी समजू नये.

मुलाने मग काय करावे? आलेख जरूर बघावा, पण पाच वर्षांचा बघावा, पाच आठवड्यांचा नको. 'विषय' निवडून बघावा. मग तो बाजूला ठेवून ज्या गावांत नोकरी करायची तिथल्या शंभर जाहिराती वाचाव्यात आणि त्यांत कोणती नावे येतात ती वहीत मांडावीत. एक दुपार पुरते. कॉलेजमधून चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना, रोज नेमके कशात काम करता, असे विचारावे. एक भाषा नीट आली की दुसरी शिकायला थोडाच काळ लागतो, हे त्यातले बहुतेक जण सांगतील. अर्धवट सोडलेल्या तीन क्लासांपेक्षा पुरा केलेला एक बरा. यात रात्रीची झोपही वाचते.

तापाच्या रुग्णाचे गणित याहून सोपे आहे. ताप आल्यापासून पहिल्या पाचेक दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम तपासणी उपयोगी पडते. सरकारी प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीवर भरवसा ठेवावा. तोवर पाणी भरपूर, पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढी. ॲस्पिरिन, ब्रुफेन मनाने घेऊ नये. डेंग्यूत धोक्याचे दिवस बरेचदा ताप उतरल्यावर सुरू होतात, आणि नेमके तेव्हाच रुग्ण आणि घरचे फोन खाली ठेवून निर्धास्त होतात. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणे, यातले काही दिसले तर आलेख नव्हे, दवाखाना गाठावा.

साथ आहे की नाही हे ठरवायला आपल्याकडे एक जुनी, सावकाश चालणारी व्यवस्था आहे. आशाताई आणि आरोग्यसेविका लक्षणांवरून 'एस' नमुन्यात नोंद करतात, डॉक्टर संशयित रुग्णांची 'पी'मध्ये आणि प्रयोगशाळा पक्क्या निदानाची 'एल'मध्ये. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षणाची ही पद्धत २०२१ पासून नव्या ऑनलाइन मंचावर आली. त्यात उणिवा आहेत. खासगी दवाखान्यांतल्या कितीतरी नोंदी तिथे पोचत नाहीत, आणि भरलेला नमुना वर जाऊन परत खाली माहिती येईपर्यंत डासांची एक पिढी उडून जाते. पण त्यातला प्रत्येक आकडा एका तपासलेल्या माणसाचा असतो. पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर नेटवर्क नसते, तिथून गुगलला एकही शोध जात नाही. तिथली आशाताई मात्र घरोघर जाऊन, आठवड्यात किती जणांना ताप आला, ते वहीत लिहिते.